सकाळी मसाला, रात्री पावडर

जालन्याच्या थंडीत मोसंबी सोलायची ती गच्चीवर, उन्हाकडे पाठ करून. नखाने साल टोचली की बारीक तुषार उडतो, उन्हात क्षणभर चमकतो आणि नाकाला झोंबून जातो. दोन मिनिटांत तो वास संपतो. बोटांवर थोडा कडसरपणा उरतो, बाकी हवेला देऊन टाकायचे. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते फळासाठी. माझा जीव मात्र अर्धा सालीतच अडकलेला असतो. त्या दिवशीही साली टाकून न देता परातीत वाळत घातल्या, हात धुतले आणि मग ठरवलेला प्रयोग सुरू केला.

प्रयोग साधा होता. डाव्या मनगटावर शमामा, म्हणजे कनौजच्या पद्धतीचे मसालेदार अत्तर, काचेच्या काडीने एक टिपका. उजव्या मनगटावर पॅरिसच्या जुन्या घाटणीचे परफ्यूम, एकच फवारा. हेही मसालेदार, पण पुढे पिठूळ होत जाणारे, ज्याला दुकानदार अजूनही ‘ओरिएंटल’ म्हणतात. रात्रीपर्यंत मनगटांना साबण लावायचा नाही आणि तासातासाने हुंगून पाहायचे. जिन्यातच आत्याने गाठले. म्हणाली, “काय गं, कुणाच्या लग्नाला चाललीस?”

तिचा प्रश्न कोणत्या हाताला होता ते मी विचारले नाही. पण अंदाज बरोबर होता. दोन्ही वास लग्नघराचे होते.

पहिली पंधरा मिनिटे उजव्या हाताची. परफ्यूम लावताच वर येते ते बर्गमॉटचे तेल. बर्गमॉट म्हणजे इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात पिकणारे लिंबाच्या गोतातले फळ. त्याच्या सालीतले लिमोनीन मोसंबीच्या सालीतही भरपूर असते. हे रेणू लहान आणि हलके. अंगाच्या उबेने पटकन उडतात, म्हणून सर्वांत आधी नाकाशी पोचतात आणि सर्वांत आधी निघूनही जातात. सुगंध रचणारे जाणकार मिश्रणाचे तीन मजले मानतात: वरचा काही मिनिटांचा, मधला काही तासांचा आणि तळचा दिवसभराचा. गच्चीवर मोसंबी सोलताना जो झोंबरेपणा जाणवला, तो वरच्या मजल्याचा नमुनाच होता.

अत्तराला असा वरचा मजला जवळजवळ नसतो. त्यात उडून जाणारे अल्कोहोलही नसते. म्हणून डावा हात सुरुवातीला गप्प होता, किंचित तेलकट आणि मातकट. शमामा बोलायला वेळ घेते.

साधारण अर्ध्या तासानंतर दोन्ही हात मसाल्यावर आले. उजवीकडे लवंग आणि दालचिनी ठळक. डावीकडे लवंग, वेलची, जायपत्री यांच्यामागे काहीतरी ओळखीचे, धुरकट आणि रानटी. ते काय हे आठवायला मला स्वयंपाकघरापर्यंत जावे लागले. काळ्या मसाल्याचा डबा उघडला आणि उत्तर मिळाले: दगडफूल. झाडांच्या सालींवर, खडकांवर वाढणारे हे शेवाळवर्गासारखे दिसणारे, पण खरे तर बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून झालेले धोंडफूल. मराठवाड्यात काळा मसाला भाजताना ते शेवटी टाकतात, कारण जास्त भाजले तर कडू होते. कनौजचे अत्तरवाले त्याला छडीला म्हणतात आणि नागरमोथा, जटामांसी, कपूरकचरी, लवंग, जायफळ यांच्यासोबत शमामाच्या डेगेत घालतात. युरोपातही ओकच्या झाडावरचे याच जातकुळीचे दगडफूल परफ्यूममध्ये वापरत आले आहेत. वांग्याच्या रश्शात आणि पॅरिसच्या बाटलीत एकाच घराण्याची मंडळी बसलेली असतात, फक्त त्यांची ओळख कुणी करून देत नाही.

डेग म्हणजे तांब्याचे मोठे भांडे. त्यात पाणी आणि सुगंधी द्रव्ये घालून झाकण माती-कापसाने लिंपतात आणि खाली मंद आच ठेवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपका म्हणजे लांब मानेचे तांब्याचे भांडे, गार पाण्याच्या हौदात ठेवलेले. त्यात आधीपासून चंदनाचे तेल असते आणि वाफेबरोबर आलेला सुगंध ते पिऊन घेते. गुलाबाला किंवा केवड्याला एकच फूल लागते, शमामाला डझनावारी द्रव्ये आणि कित्येक दिवस. प्रत्येक घराण्याचे प्रमाण वेगळे आणि ते कागदावर सहसा उतरत नाही. आता चंदनाचे तेल परवडत नाही म्हणून स्वस्त अत्तरांत खनिज तेल किंवा तसलेच दुसरे वासहीन माध्यम येते. तसे अत्तर कातडीवर मुरत नाही, वर तरंगत राहते.

मसाल्याचा वास ‘उष्ण’ का वाटतो? लवंगेत युजेनॉल असते आणि दालचिनीत सिनॅमिक आल्डिहाइड. हे रेणू नुसत्या वासाच्या पेशींशी बोलत नाहीत. चेहऱ्यातील ज्या मज्जातंतूला ऊन-थंड, झोंबणे, चुरचुरणे कळते, त्यालाही ते डिवचतात. म्हणून लवंगेचे तेल दुखऱ्या दाताला लावले की आधी चुरचुरते, मग बधिर होते. डिसेंबरच्या सकाळी मनगटावर हे सुखाचे वाटते. मे महिन्यात जालन्याचा पारा बेचाळिशीकडे निघाला की हेच मस्तकात जाते. थंडीत हिना आणि शमामा, उन्हाळ्यात वाळा, मोगरा आणि गुलाब हा अत्तरवाल्यांचा जुना रिवाज आहे, आणि तो अनुभवातूनच आलेला आहे.

आता ‘ओरिएंटल’ या शब्दाकडे वळते. ओरिएंट म्हणजे पूर्व. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये पूर्वेचे वेड होते: पगड्या, पडदे, हस्तिदंत, ऊद. 1925 मध्ये गेर्लां या घराण्याने ‘शालिमार’ बाजारात आणले. नाव मुघल बागेचे, बाटली बागेतल्या कारंज्याची आठवण देणारी. झाक गेर्लां यांनी त्यात बर्गमॉट, व्हॅनिला, राळेसारखी द्रव्ये आणि आयरिस यांचा असा मेळ घातला की पुढच्या कितीतरी सुगंधांनी तोच रस्ता धरला. त्यात इथिल व्हॅनिलिन हे प्रयोगशाळेत बनलेले, साध्या व्हॅनिलिनपेक्षा कितीतरी तीव्र द्रव्य होते. 1977 मध्ये ईव्ह सॅं लोरां यांच्या नावाने ‘ओपियम’ आले आणि त्याने या घराण्यातली मसालेदार शाखा पुन्हा जोरात आणली. अलीकडे या शब्दाबद्दल संकोच वाटू लागला. सुगंधांचे वर्गीकरण करणारे मायकेल एडवर्ड्स यांनी 2021 मध्ये आपल्या सुगंधचक्रातून ‘ओरिएंटल’ काढून ‘अंबर’ हे नाव घातले.

संकोच योग्यच आहे, पण मला वेगळीच गंमत वाटते. पूर्व ही दिशा आहे आणि दिशा पाहणाऱ्यावर ठरते. जालन्यातल्या गच्चीवर बसून ‘पूर्वेचा गूढ सुगंध’ लावायचा, तर तो यायचा कुठून? परभणीकडून? ज्या वासाला पॅरिस दूरदेशीचा म्हणाले, तो आमच्या मिसळणाच्या डब्यात, देवघरात आणि दिवाळीच्या उटण्यात पडून होता.

आणि तो पूर्वीही इथून जात होता. जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचे नाव आहे. केळणा नदीकाठच्या या गावी 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा सापडला. इटलीतील पाँपेई इथे 1938 मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी त्याचे जवळचे साम्य आहे. पाँपेईची मूर्ती इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेली, म्हणजे त्याआधीच ती भारतातून तिकडे पोचली होती. दागिन्यांनी मढलेल्या त्या बाईच्या दोन बाजूंना दोन छोट्या दासी उभ्या आहेत, हातात प्रसाधनाच्या वस्तू घेऊन. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर इथला माल भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद आहे. भडोचहून जहाजांत चढणाऱ्या मालात जटामांसी, कोष्ठ आणि गुग्गुळ आहेत, आणि हस्तिदंतही. रोमच्या श्रीमंतांची उंची तेले जटामांसीने घमघमत. माझ्या डाव्या मनगटावर त्या क्षणी तीच जटामांसी होती.

जालना शहराचा संबंध आणखी थेट आहे. अकबराच्या काळात जालना त्याच्या एका सरदाराकडे जहागीर होते आणि अबुल फजलचा काही काळ इथे मुक्काम होता, असे गॅझेटियर सांगते. हाच अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’चा लेखक. त्या ग्रंथात एक प्रकरण बादशहाच्या खुशबूखान्यावर आहे. त्यात नुसते कौतुक नाही, वजनमापांसह कृती आहेत. अरगजा करायचा तर अर्धा शेर चंदन, तीन तोळे चोवा, एक तोळा बनफशाचे मूळ, अर्धा मासा कापूर आणि गुलाबपाण्याच्या अकरा बाटल्या, शिवाय आणखी दोन-तीन जिन्नस. उन्हाळ्यात अंग गार ठेवायला तो लावत. चोव्याची कृतीही आहे. अगरूचे तुकडे अरुंद तोंडाच्या मडक्यात भरायचे, मडके चिखलाने लिंपून उलटे ठेवायचे, भोवती आच द्यायची आणि खालच्या भांड्यात थेंब थेंब अर्क उतरू द्यायचा. आपल्या वैद्यकात याला पाताळयंत्र म्हणतात. अरगज्याच्या यादीत ‘गेहला’ नावाचे एक बी येते. ते वाचले की उटण्यातला गव्हला-कचोरा आठवल्याशिवाय राहत नाही. आणि त्याच प्रकरणातले ‘ओपटना’ हे नाव तर मोठ्याने म्हटले तरी पुरे.

या साऱ्या ज्ञानाचा मराठीतला धागा पुण्यात सापडला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे दीर्घकाळ क्युरेटर असलेले परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधर नावाच्या लेखकाच्या ‘गंधसार’ या संस्कृत ग्रंथाचे हस्तलिखित उजेडात आणले. त्याच पोथीत ‘गंधवाद’ नावाचा आणखी एक ग्रंथ होता, आणि त्याच्यावर टीका होती जुन्या मराठीत. म्हणजे कधीतरी कोणी मराठी माणूस सुगंधाच्या कृती मायबोलीत समजावून सांगत बसला होता. गंधशास्त्राचा हिशेब तर त्याहून जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त दाखवले आहे की सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर 1820 वेगवेगळी मिश्रणे होतात. गणिताच्या इतिहासात हे उदाहरण आजही दिले जाते.

दुपारी चारला पुन्हा मनगटे हुंगली. उजव्या हातावरची लवंग मावळली होती आणि तिच्या जागी काहीतरी मऊ, गोडसर, कोरडे आले होते. पिठूळ म्हणावे असे. डोळे मिटले तर लहानपणी आंघोळीनंतर मानेला फासलेल्या पावडरीचा ढग समोर आला. स्नो-पावडरच्या जमान्यातल्या प्रत्येक घरात हा ढग होता, आरशासमोरच्या फळीवर त्याचा पांढरा थर असायचा.

पण पावडरीला मुळात वास नसतो. टाल्क हे मॅग्नेशियमचे सिलिकेट, वासाच्या बाबतीत दगडासारखे कोरे. आपण ज्याला ‘पावडरचा वास’ म्हणतो तो कारखान्यात त्यात घातलेल्या सुगंधाचा, आणि त्या सुगंधाची परंपरा ओरिसकडून आली. ओरिस म्हणजे आयरिसचे कंदमूळ. ते खणून, सोलून तीन ते पाच वर्षे नुसते वाळवत ठेवतात. ताज्या कंदाला फारसा वास नसतो. काळ जातो तसे आतल्या द्रव्यांचे इरोन होते आणि कंदाला जांभळ्या व्हायोलेट फुलांसारखा वास येतो. युरोपात त्याची भुकटी चेहऱ्याला आणि केसांच्या टोपांना लावत. यूनानी औषधांत असलाच कंद ‘बेख-ए-बनफशा’, म्हणजे बनफशाचे मूळ, या नावाने ओळखला जातो. अबुल फजलच्या अरगज्यातले नावही हेच.

1893 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फर्डिनांड टीमान यांनी ओरिसच्या वासाचा माग काढताना आयोनोन बनवले. महाग कंदाचा वास स्वस्त झाला आणि पावडरींच्या डब्यांत शिरला. त्याच टीमान यांनी 1874 मध्ये विल्हेल्म हारमान यांच्यासोबत व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार केले होते. पुढे व्हॅनिलिन बनवण्याचा एक मोठा मार्ग सापडला तो लवंगेच्या तेलातून. युजेनॉल आणि व्हॅनिलिन ही रचनेने भावंडे. एकाच कड्याला लागलेली शेपटी बदलली की लवंगेचे व्हॅनिला होते. पिठूळपणा देणारे तिसरे द्रव्य हेलिओट्रोपिन, बदामासारखे आणि मऊ. त्याचे रासायनिक नाव पिपेरोनाल, आणि ते प्रथम हाती आले मिऱ्यांतल्या तिखट पिपेरीनपासून.

हे कळले तेव्हा सकाळपासूनचे कोडे सुटले. मसाला आणि पावडर हे दोन वेगळे सुगंध मिश्रणात एकत्र आणलेले असतात, असे मला वाटत होते. पण लवंगेच्या पोटात व्हॅनिला होते आणि मिऱ्यांच्या पोटात पावडर. मनगटावर दिवसभरात जो प्रवास होतो, तोच प्रयोगशाळेत काचेच्या नळीत झाला होता. आपल्या बाजाराला तर हे आधीपासून ठाऊक होते. अत्तार हा शब्द अरबीतून आला. तिथे तो सुगंध विकणाऱ्याचा, आणि मसाले, औषधी विकणाऱ्याचाही. जुन्या जालन्यातल्या ज्या दुकानातून मी शमामा आणले, तिथे समोर लवंग-वेलदोड्यांची पोती, मागे काष्ठौषधींचे डबे आणि बाजूच्या काचेच्या कपाटात अत्तराच्या कुप्या. दुकानदाराने त्याच तराजूत आधी कुणाला दगडफूल तोलून दिले, मग कुणाला नागरमोथा. मग हात पुसून माझ्या हाताच्या मागच्या बाजूला अत्तराची काडी फिरवली. तळव्याला घाम येतो, तिथे सुगंध बिघडतो. लग्नात अत्तर हाताच्या मागे लावतात ते यासाठी.

लावणाऱ्यांसाठी चार गोष्टी. अशा जड सुगंधांचा एक टिपका पुरे. आपले नाक थोड्या वेळात सरावते आणि वास गेला असे वाटते, तेव्हा आणखी लावण्याचा मोह होतो, पण शेजाऱ्याला तो भरपूर येत असतो. मनगट मनगटावर घासू नये. ऊब वाढते आणि वरचा मजला लवकर उडतो. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आत थोडेसे लावून एक दिवस पाहावे, कारण युजेनॉल आणि दगडफुलातली द्रव्ये काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. याच कारणाने आंतरराष्ट्रीय उद्योगसंघटनेने त्यांच्या प्रमाणावर मर्यादा घातल्या, आणि जुने नामवंत परफ्यूम आज त्याच नावाने मिळाले तरी आतून थोडे बदललेले असतात. कस्तुरीचेही तसेच. कस्तुरीमृगाला आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. बाजारातली ‘कस्तुरी’ बहुतेक कृत्रिम, आणि या कृत्रिम कस्तुरीची सुरुवात 1888 मध्ये रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट बाउर स्फोटकांवर काम करत असताना अपघाताने झाली होती.

रात्री दहाला आत्याच्या पुढे दोन्ही हात धरले. तिने चष्मा काढला, जणू वास डोळ्यांनी येतो. उजवा हुंगून म्हणाली, “हा आपल्या माईच्या ट्रंकेतला.” डावा बराच वेळ हुंगत राहिली. मग म्हणाली, “हा नरकचतुर्दशीचा.” पूर्व, अंबर, शालिमार यातले काही तिच्या बोलण्यात आले नाही. ट्रंकेत नॅप्थलीनच्या गोळ्यांशेजारी रेशमी लुगड्यांच्या घड्यांत पावडरीचा डबा असे, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला नागरमोथा, वाळा, कचोरा. दोन्ही हात आता इतके जवळ आले होते की अंधारात मला डावे-उजवे सांगता आले नसते. मसाला संपला होता. उरले होते ते मऊ, कोरडे, अंगाचेच झालेले काहीतरी.

चार दिवसांनी परातीतल्या मोसंबीच्या साली खडखडीत वाळल्या. हुंगून पाहिल्या. ती पहिल्या दिवशीची झोंबणारी फवार नव्हती, जुन्या कागदासारखा मंद गोडवा होता. आत्याने त्या मिक्सरमधून काढल्या, चाळणीने चाळल्या, चोथा तुळशीत टाकला आणि भुकटी उटण्याच्या डब्यात भरली. बोटाला चिकटलेली थोडी भुकटी तिने सहज माझ्या मनगटावर पुसली.